घरी इंजिन ऑइल बदलायचंय, पहिल्यांदाच. कुठे कुठे चुकतं ते आधीच सांगून ठेवा

नवाकोरा_पाना

मंडळी, गाडी सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, आत्तापर्यंत सगळी सर्व्हिसिंग बाहेरच केली. पण मागच्या वेळी गाडी घरी आणून सहज डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं वर होतं, परत नेऊन कमी करून घेतलं तेव्हा चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट बघितला तर त्याचे कोपरे पार गोल झालेले, म्हणजे कोणीतरी चुकीचा पाना लावून जोर काढला होता. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे एवढं काम आपण स्वतःच करायचं.

व्हिडिओ बघितलेत पाच-सहा, सगळे दहा मिनिटांत हसत हसत करतात, त्यामुळे उलट जास्तच संशय यायला लागलाय. मॅन्युअलमधे लिहिलंय 5डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल, फिल्टरसकट 3.5 लिटर. माझ्याकडे गाडीबरोबर आलेला जॅक आहे, पान्यांचा एक सेट आहे, आणि उत्साह आहे. प्रश्न असे की

इंजिन गरम असताना काढायचं की थंड? दोन्ही सांगणारे लोक भेटले. फिल्टर दर वेळी बदलायलाच हवा का? एक ओळखीचे म्हणतात गाडी जुनी झाली आता 5डब्ल्यू-40 नाहीतर 15डब्ल्यू-40 टाक, जाड ऑइल इंजिनला बरं, हे खरं का? आणि जुनं ऑइल टाकायचं कुठे? आणि मी विचारायला विसरलोय असं काही असेल तर ते पण सांगा, कारण माझी भीती त्याचीच आहे.

चेंबरखालचा_माणूस

शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो कारण तुम्ही विचारायला विसरलात ती सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्याच यादीत आहे. गाडीबरोबर आलेला जॅक. तो पंक्चर झालेलं चाक बदलायला असतो, त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली माणसाने जायचं नसतं. अजिबात नाही, "दोनच मिनिटं हात घालतो" असंही नाही. जॅक फक्त वर उचलायला, मग गाडी टेकवायची ती घोड्यांवर (जॅक स्टँड), मॅन्युअलमधे दाखवलेल्या जागीच, कारण पत्र्याखाली कुठेही घोडी लावली तर पत्रा आत जातो. जमीन सपाट आणि कडक पाहिजे, मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात घोडीचे पाय रुततात. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमधे ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमधे, आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे किंवा विटा लावा. मग खाली जायच्या आधी गाडीला बाहेरूनच एक-दोन चांगले धक्के द्या. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे. पुढची चाकं चढवायचे रॅम्प मिळाले तर त्याहून सोपं, जॅकची भानगडच नाही.

आता गरम की थंड. कोमट. पूर्ण थंड ऑइल घट्ट असतं, हळू येतं आणि बरंचसं आतच चिकटून राहतं. लांबचा प्रवास करून आल्या आल्या काढायला गेलात तर ऑइल 90-100 अंशांवर असतं, नट सुटला की ते थेट मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, आणि सायलेन्सरचा पाइप तिथेच शेजारी असतो तो वेगळाच. इंजिन चार-पाच मिनिटं नुसतं चालू ठेवा, बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या. ऑइल पातळ होतं, तळाशी बसलेला गाळही ढवळला जाऊन बरोबर बाहेर येतो.

खाली जायच्या आधी बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण फिरवून बघा. सुटतंय ना? मग ते सैल करून नुसतं ठेवून द्या, हवा आत गेली की खालून धार नीट पडते. हे आधी करायचं कारण ऑइल काढून झाल्यावर झाकण अडकलंय असं कळलं तर गाडी तिथेच. त्याच कारणासाठी नवीन फिल्टर आधीच हातात घेऊन बघा, शक्य असेल तर जुन्याशी रबराचा घेर जुळवा.

नट. तुमचा गोल झालाय म्हणता म्हणजे आधी नवीन नट आणि नवीन वायसर आणून ठेवा. सोडवायला सहा बाजूंची गोटी (सॉकेट) वापरा, बारा बाजूंची नको आणि सरकपाना तर मुळीच नको, तो कोपऱ्यावरच पकडतो आणि घसरतो. बहुतेक गाड्यांना 14, 17 नाहीतर 19 ची गोटी लागते. आणि दिशा! खाली पाठीवर पडल्यावर भल्याभल्यांचं डोकं उलटं फिरतं. नटाच्या डोक्याकडे सरळ तोंड करून बघायचं आणि घड्याळाच्या उलट. मी स्वतः एकदा वरून हात घालून अंदाजाने फिरवत बसलो होतो, आणि दहा मिनिटांनी कळलं की मी तो आवळतोय.

शेवटचे आटे हाताने सोडवताना नट आत दाबून धरत सोडवा, आटे संपल्याचं जाणवलं की झटकन बाजूला ओढा. भांडं थोडं पुढे सरकवून ठेवा कारण पहिली धार सरळ खाली पडत नाही, लांब जाते, आणि ऑइल कमी झालं की मागे येते. हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल कातडीला वाईट, वारंवार संपर्काने कॅन्सरचा धोका असतो.

नवीन नट लावताना पहिले चार-पाच आटे हातानेच. हाताने फिरत नसेल तर वाकडा बसलाय, बाहेर काढून परत लावा. ऑइल चेंबर बऱ्याच गाड्यांना अॅल्युमिनियमचं असतं, नट लोखंडी, ताकद लावली तर आटे नटाचे जात नाहीत, चेंबरचे जातात. किती आवळायचा ते मॅन्युअलमधे असतं, छोट्या गाड्यांना साधारण 25 ते 40 न्यूटन मीटर असतं, म्हणजे चाकाच्या नटाच्या मानाने खूपच कमी. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापुरतंच आवळणारा पाना) असेल तर उत्तम. गळती वायसर थांबवतो, तुमचे दंड नाही. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला की दबलेलाच राहतो म्हणून दर वेळी नवा. जुना कधीकधी चेंबरला चिकटून बसतो आणि आपण त्याच्यावर दुसरा लावतो, तेव्हा बोट फिरवून बघा.

फिल्टरचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, लाइट गेली.

आरामखुर्ची

आमच्या घरात हा प्रयोग झालेला आहे म्हणून सांगतो, निष्कर्ष तुम्ही काढा. माझा चुलत भाऊ, इंजिनिअर, सगळी हत्यारं आणली, गाडीखाली शिरला, नट सोडला, छान लालसर स्वच्छ ऑइल आलं. म्हणाला बघ, एवढं चांगलं ऑइल ते लोक फेकून देतात. मग वरून मोजून नवीन ऑइल भरलं. झालं एवढंच होतं की त्याने गिअरबॉक्सचा नट सोडला होता. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनमधे जुनं अधिक नवीन मिळून जवळजवळ दुप्पट. नशीब की किल्ली फिरवायच्या आधी त्याच्या बायकोने विचारलं की इंजिनचं ऑइल काळं असतं ना रे.

तेव्हापासून मी फिल्टर कॉफी सोडून कुठल्याही फिल्टरच्या नादी लागत नाही. गॅरेजमधे समोर उभं राहायचं, डबा आपल्यासमोर फोडायला लावायचा, घरी येऊन डिपस्टिक बघायची. एवढं केलं तरी तुमच्या तक्रारीतलं बरंचसं मिटतं.

चेंबरखालचा_माणूस

वहिनींना नमस्कार सांगा 😄 पण मुद्दा एकदम बरोबर आहे. नट सोडायच्या आधी खात्री करा की तो इंजिनच्या चेंबरचा आहे. फिल्टर ज्याला लागलाय ते इंजिन, आणि जिथून चाकांकडे अॅक्सल निघतात तो गिअरबॉक्स. नटावर हात ठेवून मॅन्युअलमधलं चित्र बघा. स्वच्छ ऑइल आलं तर आनंद मानू नका, लगेच नट परत लावा.

आता फिल्टर. हो, दर वेळी बदला. नव्या ऑइलमधे जुना फिल्टर म्हणजे आंघोळ करून कालचेच कपडे. त्यात जवळजवळ पेलाभर जुनं ऑइलही अडकलेलं असतं. डब्यासारखा फिरवायचा फिल्टर असेल तर हाताने सुटतो का बघा, नाही सुटला तर पट्ट्याचा किंवा चेनचा फिल्टर पाना वापरा. काही लोक स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायला सांगतात, तो शेवटचा उपाय, पत्रा फाटला आणि फिल्टर तसाच राहिला की मग पकडायलाही काही उरत नाही.

आणि इथे ती एक चूक होते जी मी अनुभवी मेकॅनिककडूनही झालेली बघितली आहे. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं. ते न बघता नवीन फिल्टर लावला की दोन रबरं एकावर एक, चालू केल्यावर दाब आला की ते निसटतं आणि काही क्षणांत खाली तळं. म्हणून जुना फिल्टर काढला की आधी त्याच्यावर रबर आहे का बघा, नसेल तर ते वर आहे. जागा चिंधीने पुसा, नवीन रबराला बोटाने नवीन ऑइल लावा, हाताने फिरवा, रबर टेकलं की तिथून साधारण पाऊण फेरी, हातानेच. काही फिल्टरवर छापलेलं असतं, ते असेल तर तेच धरा. फिल्टर उभा बसत असेल तर आधीच त्यात थोडं ऑइल भरून ठेवा, आडवा बसत असेल तर नको, सांडेल. आणि कागदी काडतुसासारखा फिल्टर असेल, प्लास्टिकच्या टोपीत बसणारा, तर टोपीची ओ-रिंग नवीन टाका, ती बरोबर खाचेत बसवा, आणि टोपीवर आकडा लिहिलेला असतो तेवढंच आवळा. टोपी तडकते.

भरताना सगळं एकदम ओतू नका. 3.5 लिखित असेल तर 3 लिटर घाला, मग डिपस्टिक बघत बघत बाकीचं. झाकण लावा, चालू करा, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. एक-दोन मिनिटं चालू ठेवून खाली वाकून टॉर्च मारा, नट आणि फिल्टर कोरडे आहेत का बघा. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, परत डिपस्टिक, कारण फिल्टर भरला की पातळी थोडी उतरते.

जाड_पातळ

ग्रेडच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

5डब्ल्यू मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नाही, आणि तो पहिला आकडा थंडीत ऑइल किती वाहतं त्याचा आहे. 5डब्ल्यूची चाचणी उणे 30 अंशांवर होते, 15डब्ल्यूची उणे 20 वर. तुम्ही म्हणाल आमच्याकडे कुठे उणे 30, पण मुद्दा असा की सकाळी गाडी चालू केल्यावरचे पहिले काही सेकंद, जेव्हा ऑइल सगळं खाली चेंबरमधे बसलेलं असतं आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायचं असतं, तेव्हा झीज जास्त होते, आणि पहिला आकडा जितका लहान तितकं ऑइल तिथे लवकर पोचतं. दुसरा आकडा, म्हणजे 30 किंवा 40, हा 100 अंशांवर किती दाट राहतं त्याचा. लोक "जाड ऑइल" म्हणतात ते साधारण या दुसऱ्या आकड्याबद्दल.

जाड म्हणजे चांगलं हा समज जुन्या इंजिनांवरून आलाय, ज्यांच्यात फटी मोठ्या असायच्या. आत्ताच्या इंजिनांत ऑइल नुसतं वंगण नाही, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, चेनचा टेन्शनर, हे सगळं ऑइलच्या दाबावर चालतं आणि त्याचे मार्ग बारीक असतात. मॅन्युअल बघा, काही कंपन्या हवामानानुसार दोन-तीन ग्रेड चालतील असा तक्ताच देतात, त्यात 5डब्ल्यू-40 असेल तर खुशाल टाका. नसेल तर सात वर्षांच्या, ऑइल न पिणाऱ्या इंजिनला 5डब्ल्यू-30 च टाका. गाडी ऑइल खात असेल तर आधी का खाते ते बघा. दाट ऑइल टाकून कधीकधी खाणं कमी होतं हे खरं, पण त्याने दुखणं बरं होत नाही, झाकलं जातं.

आणि नुसता ग्रेड बघून डबा उचलू नका. डब्याच्या मागे एपीआय (ऑइलच्या दर्जाची अमेरिकन खूण) लिहिलेलं असतं, पेट्रोलसाठी एस ने सुरू होणारं, एसएन, एसपी असं. अक्षर पुढचं तितकं नवं, एसएन 2010 चं, एसपी 2020 चं, आणि पेट्रोलमधे नवं जुन्याच्या जागी चालतं. डिझेलवाल्यांनी जास्त जपा, डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेतला काजळी गाळणारा फिल्टर) असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, एसीईए (युरोपीय दर्जा) सी3 वगैरे जे मॅन्युअलमधे असेल ते, नाहीतर तो डीपीएफ हळूहळू राखेने भरतो आणि ती राख जळून जात नाही. आणि उरलेलं कारचं ऑइल बाइकमधे ओतू नका, बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमधे भिजलेला असतो, तो घसरायला लागतो. बाइकला जासो एमए (बाइकच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं.

रंगाबद्दलही एक. काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही, ऑइलमधली डिटर्जंट घाण धरून ठेवतात म्हणून ते काळं होतं, डिझेलमधे तर पहिल्याच दिवशी. उलट दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर मात्र कान टवकारा. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडं असेल आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ती साठलेली वाफ असू शकते, पण डिपस्टिकवर तसं दिसलं तर कूलंट ऑइलमधे जातंय असं धरून चाला.

आरामखुर्ची

जाड_पातळ साहेब, मग गाडी चाललीच नाही, वर्षभर उभीच, तरी बदलायचं? माझी मागच्या वर्षी जेमतेम 2000 किलोमीटर झाली.

जाड_पातळ

बदलायचं. मॅन्युअलमधे "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं त्यातला "किंवा" त्याचसाठी आहे. उलट कमी आणि छोट्या फेऱ्या म्हणजे ऑइलला जास्त त्रास, कारण ते पुरतं तापतच नाही, मग त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आम्ल तयार होतं. हायवेवरचे 10,000 किलोमीटर इंजिनला या 2000 पेक्षा सोपे.

शेजारच्या_गल्लीतली

जुन्या ऑइलचं उत्तर राहिलंच की सगळ्यांचं. गटारात नाही, मातीत नाही, कचऱ्यात नाही, आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणं पण नाही, आमच्याकडे आजोबा फासायचे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं आहे की एका बदलाचं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. नवीन ऑइलचा रिकामा डबा असतो ना, त्यातच नरसाळ्याने भरायचं, झाकण घट्ट, वर "वापरलेलं ऑइल" लिहायचं, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यायचं. त्याचं शुद्धीकरण होऊन परत ऑइल बनतं. पण त्यात कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल काही मिसळू नका, मग कोणी घेत नाही. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा आणि बरोबरच द्या. खाली सांडलंच तर पाणी मारू नका, पसरतं. भुसा किंवा कोरडी माती टाका, पायाने घोळवा, झाडून भरा.

आणि वॉरंटी बाकी असेल तर ऑइल-फिल्टरची बिलं, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. तुमची सात वर्षांची आहे म्हणजे बहुतेक संपली असेल, पण विकताना उपयोगी पडतं.

नवाकोरा_पाना

झालं! म्हणजे झालं पण आणि नाही पण, मदत करा.

सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. घोड्या आणल्या, धक्के मारले, गोल नट सहा बाजूंच्या गोटीने निघाला (एकदा घसरली, मग गोटी हातोडीने हलकी ठोकून बसवली तेव्हा सुटला). काळं ऑइल आलं, म्हणजे गिअरबॉक्स नाही. जुना वायसर खरंच वर चिकटलेला होता, बोट फिरवलं नसतं तर कळलंच नसतं. फिल्टरचं रबर फिल्टरबरोबरच आलं. 3 लिटर घातलं, डिपस्टिक बघितली तर खालच्या खुणेच्याही खाली. म्हटलं असेल, उरलेलं अर्धा लिटर घातलं. चालू केलं, दिवा विझला, गळती शून्य. बंद करून दहा मिनिटांनी बघितलं तर अजून खालच्या खुणेपाशीच. मग दुसऱ्या डब्यातलं अजून अर्धा लिटर घातलं आणि बरोबर मधे आलं. खूश होऊन गाडी घोड्यांवरून उतरवली, संध्याकाळी कौतुकाने परत डिपस्टिक ओढली तर वरच्या खुणेच्या बोटभर वर!! म्हणजे जे मागच्या वेळी त्यांनी केलं तेच मी करून ठेवलं. एवढं चालेल का तसंच? अर्धा लिटरच तर आहे.

चेंबरखालचा_माणूस

चूक माझी, लिहायचं राहिलं. तुम्ही डिपस्टिक गाडी घोड्यांवर असताना बघितलीत. तोंड वर असेल तर ऑइल चेंबरच्या मागच्या बाजूला जातं, तुमच्या गाडीत डिपस्टिक पुढे असणार, तिला कमीच दिसणार. पातळी बघायची ती चारही चाकं सपाट जमिनीवर असताना. मला इतकी सवय झालीय की हे सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

तसंच चालवू नका. क्रँकशाफ्ट फिरताना ऑइलला लागला की ते घुसळून फेस होतो, फेस पंपाने ओढला की दाब पडतो, आणि जास्तीचं ऑइल सील मधून किंवा हवेच्या नळीतून वाट काढतं. नट परत सोडायची गरज नाही. मोठी सिरिंज आणि डिपस्टिकच्या नळीत जाईल अशी बारीक प्लास्टिकची नळी घ्या, घट्ट बसवा, नळी आत सोडून ओढा. 100 मिलीची सिरिंज असेल तर चार वेळा काढा, मग बघा, मग पाचवी. नळी आत सुटू देऊ नका म्हणजे झालं.

जाड_पातळ

+१. आणि एकदम खालच्या खुणेपर्यंत उतरवू नका, दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, त्या हिशोबाने बोटभर म्हणजे तुमचं अर्धा लिटर बरोबर जुळतंय.

नवाकोरा_पाना

पाच सिरिंज निघाल्या, वरच्या खुणेच्या किंचित खाली आलंय. सपाट जमिनीवर, तीनदा बघितलं. सकाळी खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता तो पण कोरडा. काढलेलं अर्धा लिटर स्वच्छच आहे, ते वेगळ्या बाटलीत भरून ठेवलंय, टॉपअपला चालेल ना?

चेंबरखालचा_माणूस

चालेल, बाटली आणि सिरिंज कोरडी-स्वच्छ होती ना तेवढं बघा. बाटलीवर ग्रेड आणि तारीख लिहा. आणि डॅशबोर्डवर सर्व्हिसचा दिवा येत असेल तर तो रिसेट करायचा राहिलाय तुमचा.

आरामखुर्ची

चुलत भावाला हा धागा पाठवला. तो म्हणतो गिअरबॉक्सवाली गोष्ट अशी नव्हतीच. वहिनी म्हणते अशीच होती.